मदत हवी आहे: बेडार्ड की सेलेब्रिनी?

आइस हॉकीतले शिकागोचा कॉनर बेडार्ड आणि सॅन होजेचा मॅकलिन सेलेब्रिनी, या दोघांत सरस कोण हे माझं काही केल्या ठरत नाहीये. एनएचएलमधल्या (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमधल्या) पहिल्या मोसमाचे आकडे जवळपास सारखेच: बेडार्डचे ६८ सामन्यांत ६१ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून), सेलेब्रिनीचे ७० सामन्यांत ६३. बेडार्डचा फटका मला फार आवडतो. पक (खेळातली रबरी चकती) स्वतःकडे ओढतो, कोन बदलतो आणि गोलरक्षक सरकायच्या आत मारतोसुद्धा! पण पक हातचा गेला की सेलेब्रिनी लगेच बचावाला मागे येतो, आणि सेंटरकडून (मधल्या आक्रमक खेळाडूकडून) मला तेच जास्त मोलाचं वाटतं. नवा संघ बांधायचा तर तुम्ही आधी कोणाला घ्याल? फेसऑफमध्ये (खेळ सुरू करताना दोघांत पकसाठी होणाऱ्या झटापटीत) आणि कडेच्या रेटारेटीत कोण जास्त टिकतो? सामने नियमित बघणाऱ्यांनी प्लीज सविस्तर सांगा.