मदत हवी आहे: 'एमएलबी १४ द शो'मध्ये कर्व्हबॉल कसा खेळायचा?

नमस्कार मंडळी. डेट्रॉईटच्या आतेभावाने त्याचा जुना व्हिटा (सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल) मला दिला, सोबत 'एमएलबी १४ द शो' हा बेसबॉलचा व्हिडिओ गेम. मुखपृष्ठावर त्याच्या लाडक्या टायगर्स या डेट्रॉईटच्या बेसबॉल संघाचा मिगेल कब्रेरा. घरी पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर मोठ्या पडद्यावर आणि लोकलमध्ये व्हिटावर, असं दोन्हीकडे खेळतोय.

पिचिंग, म्हणजे चेंडू टाकणं, जमतंय. बॅटिंगचा मात्र पार बोऱ्या वाजलाय. हाडात क्रिकेट मुरलेलं, त्यामुळे डोळे टप्प्याची वाट बघत बसतात, आणि इथे टप्पाच नाही! पिचरपासून बॅटरपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे आपल्या २२ यार्डांपेक्षाही कमी. फास्टबॉल कसाबसा लागतो. कर्व्हबॉल, म्हणजे फिरकीमुळे शेवटी खाली वळणारा चेंडू, छातीच्या उंचीवरून येताना दिसतो, मी चौकोनाचं बटण दाबून पॉवर स्विंग घेतो, तोवर चेंडू गुडघ्याखाली बुडालेला असतो. काल एका सामन्यात १४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक झाल्यावर बाद) झाले. शेजारच्या सीटवरचे काका म्हणाले, "अरे, सोडून दे की चेंडू!" ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणारा मी, इथे मात्र सगळ्यालाच बॅट घालतो.

सध्या 'व्हेटरन' या काठिण्यपातळीवर 'झोन' पद्धतीने (स्टिकने बॅटचा नेमही स्वतः धरायचा) खेळतोय. नुसत्या 'टायमिंग'वर (फक्त योग्य वेळी बटण दाबायचं) यावं का? दोन स्ट्राइक झाल्यावर गोलाचं बटण, म्हणजे काँटॅक्ट स्विंग (जोर कमी, पण चेंडू लागण्याची शक्यता जास्त), खरंच फायद्याचा ठरतो का? आणि चेंडू हातातून सुटताना नेमकं काय बघायचं? व्हिटाच्या छोट्या स्टिकवर झोन जमवलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.