विज्ञान प्रदर्शनासाठी चित्रं कुठून घ्यायची?

सी-५०२: नमस्कार. मुलगा नववीत आहे, शुक्रवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन. विषय, डोळ्यांना न दिसणारं जग. नेटवरची चित्रं चिकटवून तक्ता केला, पण बाईंनी परत पाठवला. प्रत्येक चित्र कशाचं आणि कुठून घेतलं ते लिहून आणा म्हणाल्या. ए-१०४ च्या ताई, तुम्ही आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर असे फोटो टाकता, मदत कराल का?

ए-१०४: करणारच. आणि बाईंनी अगदी योग्य केलं. तक्त्याचा फोटो टाका.

सी-५०२: [फोटो]

ए-१०४: मधला राखाडी गोळा आणि त्यावरचे लाल तुरे, हा कोरोना विषाणूचा फोटो नाही. अमेरिकेतल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या वैद्यकीय चित्रकारांनी २०२० मध्ये केलेलं ते चित्र आहे. चित्र उत्तम आहे, ठेवा. फक्त खाली 'फोटो' न लिहिता 'चित्र' लिहा आणि दोघांची नावं द्या.

सी-५०२: म्हणजे विषाणू लाल नसतो?

ए-१०४: त्याला आपल्या अर्थाने रंगच नसतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, आणि कोरोनाचा कण जेमतेम १०० नॅनोमीटरचा. साध्या सूक्ष्मदर्शकाने त्याचा आकार दिसत नाही, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो. त्यातून येणारं चित्र काळं-पांढरं असतं, रंग मागाहून भरतात. म्हणून एकच विषाणू कुठे पिवळा दिसतो, कुठे नारिंगी.

बी-३०१: मग रंगवलेलं चित्र खोटंच झालं की!

ए-१०४: नाही काका. पेशी कुठली आणि विषाणू कुठला हे चटकन कळावं म्हणून रंग देतात. तसं खाली लिहिलेलं असलं की काम प्रामाणिक. न लिहिता पुढे पाठवलं की मुलांचा गैरसमज होतो, आणि तो वर्षानुवर्षं डोक्यात राहतो. मला त्याचंच वाईट वाटतं.

डी-२०३: ताई, माझ्या मुलीलाही प्रकल्प आहे. चित्रं फुकट आणि खात्रीची कुठे मिळतील?

ए-१०४: रोग आणि जंतूंसाठी सीडीसीची 'पब्लिक हेल्थ इमेज लायब्ररी'. तिथली बरीच चित्रं कुणालाही वापरता येतात, पण प्रत्येकाखालची ओळ वाचून घ्या.

प्रथिनं, डीएनए वगैरेंसाठी 'पीडीबी-१०१'. प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये अवघ्या ७ रेणूंच्या रचनांवर सुरू झाली, आज तिथे दोन लाखांहून जास्त आहेत. पीडीबी-१०१ हा तिचा विद्यार्थ्यांसाठीचा भाग. २००० पासून तिथे दर महिन्याला एका रेणूची सचित्र ओळख येते, आणि डेव्हिड गुडसेल यांची पेशीच्या आतल्या गर्दीची जलरंगातली चित्रंही आहेत. ती मी कितीही वेळ बघत बसू शकते. कागदावर छापून, कापून, घडी घालून करायची डीएनएची प्रतिकृतीही मिळेल, ती मुलीला नक्की करू द्या.

बी-३०१: माझ्यासारख्या पक्षी-फुलपाखरंवाल्यांना काही?

ए-१०४: काका, 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी'! जुन्या निसर्गग्रंथांची पानंच्या पानं स्कॅन करून ठेवली आहेत. आपल्या मुंबईच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) जर्नलचे जुने अंकही तिथे आहेत, रंगीत चित्रांसकट.

सी-५०२: तक्त्यावर उजवीकडे झाडाच्या मुळांसारखं काळं चित्र आहे, ते ठेवू का?

ए-१०४: ते तर मधोमध लावा. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी हाताने काढलेली चेतापेशी आहे ती. मेंदूच्या पेशी इतक्या दाट असतात की सगळ्या रंगल्या तर नुसता काळा गुंता दिसेल. इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी असं रंजन, म्हणजे पेशी रंगवायची पद्धत, शोधलं की त्यात मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण पूर्णपणे. गोल्जींचं मत होतं की सगळ्या पेशी मिळून एक अखंड जाळं असतं. काहाल यांनी तेच रंजन वापरलं आणि म्हणाले, प्रत्येक पेशी वेगळी आहे. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं, तरी गोल्जींनी आपलं मत सोडलं नाही. पुढे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने पेशींमधली फट दाखवली आणि काहाल खरे ठरले. तेव्हा चित्राखाली रंजनाचं नावही लिहायला सांगा.

सी-५०२: मुलगा शेजारी बसून वाचतोय. विचारतोय, 'एक हजार पट मोठं' असं लिहिलं तर चालेल का?

ए-१०४: छान प्रश्न. नको लिहू बाळा. तू चित्र तक्त्यासाठी मोठं केलंस की तो आकडा चुकला. कोपऱ्यात छोटी रेघ आणि '१ मायक्रोमीटर' असं काही असतं, तिला स्केल बार म्हणतात. चित्र ताणलं की रेघही तेवढीच ताणली जाते, त्यामुळे माप बरोबर राहतं. चित्र कापताना ती रेघ कापू नकोस.

सी-५०२: दोन चित्रांतली कापली गेली आहे. 🙏

ए-१०४: मूळ चित्रं पुन्हा उतरवून घ्या. सापडली नाहीत तर उद्या सात नंतर घरी या, प्रिंटर सुरू आहे.