जुना डेक: नुसत्या फळ्या बदलू की सगळाच पाडू? (न्यू जर्सी)

अंगणवेडी:
आमचं घर १९९८ चं. किचनच्या सरकत्या दारातून पाऊल टाकलं की १२ बाय १६ फुटांचा लाकडी डेक, जमिनीपासून पाचेक फूट वर. दर दोन-तीन वर्षांनी आम्ही दोघं स्टेन (लाकूड जपणारा रंग) मारतो. म्हणजे मारायचो, कोविडनंतर तेही राहिलं. परवा तुळशीची कुंडी थंडीसाठी आत घ्यायला उचलली, तर खालची फळी काळी पडलेली. बोट लावलं तर चहात बुडवलेल्या खारीसारखी!

दोन कंत्राटदार येऊन गेले. पहिला म्हणतो, सांगाडा मस्त आहे, वरच्या फळ्या काढून कॉम्पोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या) टाकू. दुसरा म्हणतो, सगळं पाडा. त्याचा आकडा पहिल्याच्या दुपटीहून जास्त. मला लाकूड आवडतं. नवऱ्याला ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसायचं नाहीये. सासूबाई उन्हाळ्यात येतात, त्या अनवाणी फिरतात आणि त्यांना साबुदाण्याच्या पापड्या घालायला जागा लागते. जाणकारांनी सांगा, काय करू?

हौशी_माळी:
आमच्याकडे कॉम्पोझिटला सहा वर्षं झाली. झाडू आणि साबणाचं पाणी, बाकी काही नाही. पण आम्ही हौसेने गडद चॉकलेटी रंग घेतला आणि जुलैत दुपारी पाय ठेवता येत नाही. पापड्या मात्र एका दिवसात कडकडीत! फिकट रंग घ्या. आणि ग्रिलखाली चटई टाका, तेलाचा डाग आमचा अजून गेला नाहीये.

सुतारपक्षी:
फळ्यांचं नंतर बघू. आधी टॉर्च घ्या आणि डेकच्या खाली जा.

घराच्या भिंतीला लागून एक लांब आडवी फळी दिसेल, तिला लेजर म्हणतात. डेकचा एका बाजूचा सगळा भार तिच्यावर. तिच्यात बोल्टची जाड डोकी दिसतात का, की नुसते खिळे? त्या काळच्या बऱ्याच डेकांना नुसते खिळेच असतात. डेक पडतो तो सहसा फळी मोडून नाही, लेजर भिंतीतून उपटून येते म्हणून. आणि तेही पंधरा-वीस माणसं वर उभी असताना. लेजरच्या वर फ्लॅशिंगची, म्हणजे पाणी भिंतीपासून बाहेर वळवणारी, पट्टी आहे का तेही पाहा. नसेल तर इतकी वर्षं पाणी थेट भिंतीत मुरतंय.

मग चपटा स्क्रूड्रायव्हर घेऊन टोचत चला: लेजर, खांबांचे पाय, जॉइस्टच्या (फळ्या ज्यांवर ठोकतात त्या आडव्या तुळया) वरच्या कडा. सहज आत गेला तर ते लाकूड संपलं.

हे इतकं सांगतोय कारण माझ्या पहिल्या घरात मी नेमकं तुमच्या पहिल्या कंत्राटदाराचं ऐकलं होतं. जुन्या सांगाड्यावर महागडं कॉम्पोझिट. पाचव्या वर्षी एक कोपरा पावलागणिक खाली-वर व्हायला लागला. फळ्या काढल्या, त्या अगदी नव्यासारख्या, आणि खालचे जॉइस्ट जुन्या स्क्रूंच्या भोकांपाशी कुजलेले. कॉम्पोझिट असो वा नसो, खालचा सांगाडा सहसा लाकडाचाच असतो, हे विकताना कोणी सांगत नाही. नवा सांगाडा केलात तर प्रत्येक जॉइस्टच्या डोक्यावर ब्युटिल टेप (पाणी न शिरू देणारी चिकटपट्टी) लावून घ्या. स्वस्त असते. आणि जॉइस्ट एकमेकांपासून १६ इंचांवर हवेत, फळ्या तिरप्या टाकणार असाल तर १२ वर.

अजून एक. १९९८ चं ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून रसायन मुरवलेलं, लाकूड जवळजवळ नक्की सीसीए नावाच्या रसायनाचं असणार. त्यात आर्सेनिक असतं. २००३ अखेर घरगुती वापरासाठी ते बंद झालं. त्यामुळे त्याच्यावर सँडर फिरवू नका, काढलेल्या फळ्या फायरपिटमध्ये जाळू नका, भाजीच्या वाफ्याला कड म्हणूनही लावू नका. आताच्या ट्रीटेड लाकडात आर्सेनिक नाही पण तांबं भरपूर, आणि ते साध्या खिळ्या-स्क्रूंना खातं. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा जाड थर दिलेले) किंवा स्टेनलेसच वापरायला सांगा.

अंगणवेडी:
आर्सेनिक?? आम्ही दोनदा सँडर फिरवलाय. मास्क लावून, पण तरी.
आणि लाकूडच घ्यायचं ठरलं तर कुठलं?

सुतारपक्षी:
झालं ते झालं, पुढे नको.

ट्रीटेड पाइन सगळ्यात स्वस्त, पण वाळताना पिळतं आणि चिरा पडतात. सीडर दिसायला सुंदर, पायाला गार, पण मऊ. खुर्ची ओढली की ओरखडा. इपे हे दक्षिण अमेरिकेतलं लाकूड म्हणजे लोखंड, पाण्यात टाकलं तर बुडतं. आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू जात नाही, आणि मजुरी त्या हिशेबाने.

स्टेनचं म्हणाल तर कॅलेंडर बघू नका, पाणी शिंपडून बघा. थेंब मण्यांसारखे उभे राहिले तर अजून वेळ आहे, जिरले तर लावा. नवं ट्रीटेड लाकूड ओलं असतं, त्यालाही पाणी जिरायला लागल्यावरच स्टेन लावा. धुवायला ऑक्सिजन ब्लीच. प्रेशर वॉशर जवळ धरलात तर लाकडाची पिसं निघतात. आणि ऑइल स्टेनची फडकी गोळा करून गराजमध्ये टाकू नका, ती वाळताना तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

अंगणवेडी:
आज खाली जाऊन आले. कोळ्याची जाळी, एक हरवलेला बॅडमिंटनचा शटल आणि लेजरला खिळेच खिळे. बोल्ट एकही नाही. सरकत्या दाराच्या बरोबर खाली स्क्रूड्रायव्हर दीड इंच आत गेला, मी जोरही लावला नव्हता. पहिल्या कंत्राटदाराला फोटो पाठवले, अजून उत्तर नाही.

सगळा पाडतोय. वर फिकट राखाडी कॉम्पोझिट, म्हणजे नवरा जिंकला. परमिटची कटकट टाळता येते का?

सुतारपक्षी:
नाही, आणि टाळू नका. खांबांचे खड्डे साधारण तीन फूट खोल लागतात, नाहीतर थंडीत जमीन फुगून खांब उचलते. काँक्रीट ओतायच्या आधी टाउनशिपचा माणूस ते बघून जातो, तेवढाच फुकटचा दुसरा डोळा. खणण्याआधी ८११ ला फोन, म्हणजे जमिनीखालच्या वायरी-पाइप कुठे आहेत ते खुणा करून देतात. कठड्याच्या गजांत चार इंचांहून कमी फट. आणि तुळशीला पायांचं स्टँड घ्या, खालून वारा जाऊ दे.

अंगणवेडी:
घेतलं. सध्या सरकत्या दाराला कुलूप आहे आणि समोर डायनिंगची खुर्ची आडवी टाकलीय. शनिवारी भाच्याचा वाढदिवस, पंचवीस माणसं. बेसमेंटमध्ये करतोय.