मदत हवी आहे: पुढील वीस वर्षांचा प्राधान्यक्रम कसा ठरवावा?

मृण्मयी

नमस्कार. आमच्या भागातील सोळा सोसायट्यांच्या वतीने पुढील वीस वर्षांचे प्राधान्यक्रम एका पानात लिहून येत्या शनिवारपर्यंत द्यायचे आहेत आणि ते काम माझ्याकडे आले आहे. त्यासाठी आम्ही रहिवाशांकडून चिठ्ठ्या मागवल्या होत्या. एकूण २१२ आल्या. त्या विषयवार लावून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. पाण्याचा गठ्ठा सर्वांत जाड आहे, त्याखालोखाल रस्ते आणि वाहतूक, मग कचरा, पथदिवे, भटकी कुत्री. एका चिठ्ठीवर लहान मुलाच्या अक्षरात "पार्किंगमध्ये खेळलो की ओरडतात" एवढेच लिहिले आहे आणि ती कोणत्या गठ्ठ्यात ठेवावी हे मला अजून ठरवता आलेले नाही.

चिठ्ठ्यांच्या संख्येवरून क्रम लावावा, की त्यासाठी दुसरी काही रीत आहे? कृपया नेमके सांगा. लोकसहभागाचे महत्त्व मला माहीत आहे, त्यावर कृपया लिहू नका.

अस्मिता

भाग कोणता? पालिकेच्या जुन्या हद्दीतला की नंतर हद्दीत घेतलेल्या समाविष्ट गावांपैकी? आणि हे पान कोणाला द्यायचे आहे? येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी द्यायचे असेल तर त्याची मांडणी वेगळी असते आणि विकास आराखड्यासाठी, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या वीस वर्षांच्या नकाशासाठी, असेल तर पूर्ण वेगळी. एवढे कळल्याशिवाय दिलेले कोणतेही उत्तर उपयोगाचे ठरणार नाही.

दत्ता, हडपसर

पाणी पहिल्या क्रमांकावर ठेवा आणि बाकीच्यांचा विचार नंतर करा. आमच्या सोसायटीत चार वर्षे पहाटे पावणेसहाला टँकर यायचा. वॉचमन दादा नळी भूमिगत टाकीत सोडून वहीत खेपेची नोंद करायचे आणि महिन्याच्या शेवटी मेंटेनन्सचा मोठा वाटा त्या वहीपायीच जायचा. ज्या घरात दिवसाला दोन बादल्या मोजून मिळतात, त्या घरापुढे वीस वर्षांनंतरच्या उद्यानाची चर्चा करणे बरे नव्हे.

मृण्मयी

अस्मिता, भागावरून क्रम लावण्याची रीत कशी बदलेल हे मला समजले नाही, तरी सांगते. आम्ही पुण्यात उंड्रीला राहतो. क्षेत्रीय कार्यालयात शनिवारी बैठक आहे, तिथे हे पान द्यायचे आहे. निमंत्रणात "दीर्घकालीन नियोजनाबाबत नागरिकांचे प्राधान्यक्रम" एवढेच लिहिले आहे.

विनायकराव

मृण्मयीताई, फरक पडतो, आणि तो बराच पडतो. नगररचनेच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उंड्री २०१७ मध्ये महापालिकेत आलेल्या अकरा गावांपैकी एक. शेजारची पिसोळी २०२१ मध्ये आलेल्या तेवीस गावांपैकी. म्हणजे तुमच्या दारातला रस्ता ज्या दोन गावांतून जातो, ती दोन गावे चार वर्षांच्या अंतराने हद्दीत आली आणि त्यांच्या नियोजनाचे कागदही वेगवेगळ्या वाटांनी चालले. म्हणून सर्वांत आधी, उंड्रीचा आराखडा सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे नगररचना विभागाकडून लेखी घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत मिळते, त्यानंतर कलम २८ खालील समिती सुनावणी घेते. तुमचे पान नुसते बैठकीत वाचले गेले तर त्याची दखल घेण्याचे बंधन कोणावर नाही, परंतु तोच मजकूर त्या मुदतीत, गट क्रमांकासह, हरकत किंवा सूचना म्हणून दिला तर त्यावर सुनावणी द्यावीच लागते.

आता क्रमाविषयी. चिठ्ठ्यांच्या संख्येवरून क्रम लावू नका. आज ज्याचा त्रास सर्वांत जास्त होतो, त्याच्या चिठ्ठ्या सर्वांत जास्त येणार, आणि त्यात गैर काही नाही. मात्र वीस वर्षांच्या कागदासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो: यातली कोणती गोष्ट पाच वर्षांनी करायची म्हटली तरी करता येणार नाही? पथदिवा पाच वर्षांनी लावता येतो. शाळेच्या, मैदानाच्या किंवा रस्त्याच्या जागेवर अकरा मजली इमारत उभी राहिली की ती जागा कायमची गेली. म्हणून माझ्या मते जमीन पहिली. त्या लहान मुलाची चिठ्ठी तुम्ही सर्वांत वर ठेवा.

दत्ता, हडपसर

विनायकराव, तुमच्या अनुभवाचा मान राखून सांगतो की हे मला पटत नाही. आरक्षणे, म्हणजे आराखड्यात सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागा, कागदावर किती वर्षे पडून राहतात हे पुणेकरांनी पाहिले आहे. त्याच कायद्यातील कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. पालिकेकडे मोबदल्याचे पैसे नसतील तर तुमचे मैदान नकाशावरचा हिरवा चौकोन एवढेच राहील. माणसाला पाणी मात्र आज लागते.

सुधीर, कर्वेनगर

दोघांनीही ओढ्यांचा उल्लेख केला नाही, याचे मला वाईट वाटते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा मी एका नातेवाइकांच्या घरी होतो. तळमजल्यावर पाणी शिरले तेव्हा आधी स्वयंपाकघरातले डबे तरंगायला लागले आणि मग फ्रिज आडवा झाला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीवर चिखलाची रेघ होती. ओढ्याचे पात्र अरुंद केले, भराव टाकले, वळवले, की पाणी जुनीच वाट शोधते. प्राधान्यक्रमात पहिली ओळ ओढे, नाले आणि टेकड्यांचे उतार यांचीच असली पाहिजे. गावनकाशा महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. त्यावरचे ओढे आणि आजची प्रत्यक्ष जागा एकदा चालत जाऊन ताडून पाहा.

नितीन

मिळकतकरात स्वतः राहत असलेल्या घराला चाळीस टक्के सवलत असते, त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. समाविष्ट गावांतल्या अनेकांना हे ठाऊक नसते. तुमच्या सोसायट्यांनी हा अर्ज भरला आहे का?

मृण्मयी

नितीन, धन्यवाद, पण माझा प्रश्न करासंबंधी नाही. विनायकराव आणि दत्ता, तुम्ही दोघेही बरोबर बोलत आहात असे मला वाटते आणि त्यामुळेच माझी अडचण वाढली आहे. आमच्याकडेही टँकर येतात. जमीन पहिली असे मी लिहिले तर आमच्याच सोसायटीतले लोक मला विचारतील की तुम्हाला पाण्याचे काहीच वाटत नाही का.

अस्मिता

मला आणखी एक विचारायचे आहे. २१२ चिठ्ठ्या सोसायट्यांतून आल्या. उंड्रीच्या मूळ गावठाणातल्या किती? भाड्याने राहणाऱ्या मुलांच्या किती? घरकामाला येणाऱ्या बायकांच्या किती? ज्या जमिनींवर तुम्ही मैदान आणि रस्ता मागणार आहात, त्या जमिनी गावातल्या कोणाच्या तरी आहेत आणि त्यांतल्या काहींची ती शेवटची गुंठाभर जमीन असेल. त्यांना न विचारता तयार केलेल्या यादीला तुम्ही नागरिकांचे प्राधान्यक्रम म्हणालात, तर सुनावणीत पहिली हरकत तेच घेतील आणि ती रास्त असेल.

बसचाही विचार करा. ज्या बाईला तीन घरची कामे करून सातच्या आत घरी पोहोचायचे असते, तिने चिठ्ठी लिहिली असती तर रस्ता रुंद करा असे न लिहिता पीएमपीची बस वेळेवर सोडा असे लिहिले असते.

विनायकराव

अस्मिताताईंचा मुद्दा मी आधी लिहायला हवा होता, तो राहून गेला.

दत्ताराव, आरक्षण व्यपगत होते हे खरे आहे, आणि पैसा नसेल तर आराखडा लंगडा पडतो हेही खरे आहे. तुमच्या जवळचेच उदाहरण घ्या. कात्रज ते कोंढवा रस्ता ८४ मीटर रुंद करायचा ठरला होता, पण भूसंपादनाअभावी पुढे तो ५० मीटरवर आणावा लागला. पण यातून मी उलटा अर्थ काढतो. जागा वेळेवर ताब्यात घेणे हाच प्राधान्यक्रम का असावा, हे त्या रस्त्याने दाखवून दिले आहे. जुन्या हद्दीच्या २००७ ते २०२७ च्या आराखड्यावर ८७ हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या, २०१५ मध्ये तो राज्य शासनाने आपल्याकडे घेतला आणि २०१७ मध्ये मंजूर केला. वीस वर्षांच्या आराखड्याची पहिली दहा वर्षे मंजुरीतच गेली आणि त्या दहा वर्षांत बांधकामे थांबली नव्हती.

राहिला पाण्याचा प्रश्न. पाणी आणि जमीन एकमेकांच्या विरोधात उभी करू नका, कारण पाण्यालाही जमीन लागते. जलकुंभासाठी उंचावरची जागा लागते, मुख्य वाहिनीसाठी रस्ता लागतो, सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला उतारावरची जागा लागते. खडकवासला साखळीतील चारही धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यातूनच दौंड, इंदापूरच्या शेतीलाही आवर्तने द्यायची असतात. शहराला किती पाणी द्यायचे हे महापालिका एकटी ठरवत नाही, त्यात जलसंपदा विभाग असतो. म्हणून "आम्हाला पुरेसे पाणी द्या" असे लिहिलेत तर कोणीही मान डोलावेल आणि पुढे काही होणार नाही. त्याऐवजी "अमुक गटात जलकुंभासाठी जागा राखून ठेवा आणि ती अमुक वर्षापर्यंत ताब्यात घ्या" असे लिहिलेत तर पुढच्या वर्षी जाऊन विचारता येते की घेतली का.

दत्ता, हडपसर

जलकुंभाच्या जागेचा मुद्दा मला मान्य आहे. आमच्याकडेही टाकीच्या जागेवरूनच पाण्याचे काम तीन वर्षे अडले होते, हे मी मघाशी लिहायला हवे होते. तरीही आजच्या टँकरच्या प्रश्नाला त्या पानात एक ओळ द्याच, नाहीतर तुमचे लोक खरोखर नाराज होतील.

मृण्मयी

रात्री बसून चिठ्ठ्या पुन्हा लावल्या. या वेळी तीन गठ्ठे केले. पथदिवे, गतिरोधक, बाकडी, पदपथाचे तुटलेले ब्लॉक ही कामे नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकाच्या अर्जांवर जातील. महापालिका ते अर्ज २००६ पासून घेत आली आहे आणि आम्ही आजवर एकदाही भरलेले नाहीत, हे शेजारच्या काकूंनी लक्षात आणून दिले. टँकर, कचरा उचलण्याच्या वेळा आणि बस यांचे स्वतंत्र निवेदन क्षेत्रीय कार्यालयाला आणि पीएमपीला देणार आहोत. वीस वर्षांच्या पानावर फक्त चार गोष्टी राहिल्या: जलकुंभ आणि शुद्धीकरण केंद्राची जागा, ओढ्यांचे मूळ पात्र, पिसोळीला जोडणारा रस्ता दोन्ही गावांच्या आराखड्यांत एकाच रुंदीचा असणे, आणि एक मैदान. त्यांचा आपापसातला क्रम मी अजून लावलेला नाही.

आज सकाळी गावठाणात एका आजोबांकडे गेले होते. मैदानासाठी आम्ही ज्या जागेकडे बोट दाखवत होतो, ती त्यांच्या चुलत भावांची निघाली. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की मोबदला रोख मिळणार की टीडीआर (पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), आणि कधी. मला उत्तर देता आले नाही. शनिवारच्या बैठकीला त्यांनीही यावे अशी विनंती केली आहे, आणि पानाच्या शीर्षकातून "नागरिकांचे" हा शब्द काढून "सोळा सोसायट्यांचे" असे लिहिले आहे.

विनायकराव

चारही गोष्टींपुढे गट क्रमांक आणि वर्ष लिहा. क्रम लावताना, ज्या जागेवर बांधकाम परवानगीचा अर्ज आधी येण्याची शक्यता आहे ती वर घ्या. आजोबांना मोबदल्याबद्दल तोंडी काहीही सांगू नका. त्यांचाच प्रश्न बैठकीत लेखी द्या आणि पोच घ्या.

सुधीर, कर्वेनगर

ओढ्यांसाठी मी शुक्रवारी सकाळी साडेसहाला उंड्रीत येऊ शकतो. गावनकाशाची छापील प्रत आणि मोजायची टेप आणतो. आजोबांना बरोबर घेता आले तर फार बरे होईल, कारण पात्र पूर्वी कुठपर्यंत होते हे त्यांना नकाशापेक्षा जास्त ठाऊक असेल.

मृण्मयी

आजोबा येतो म्हणाले आहेत. सुरुवात पिसोळीच्या बाजूने करू, तिकडे भराव टाकायला सुरुवात झाली आहे.