'डिम सम खाल्ले', 'खाल्लं' की 'डिम समला गेलो'?

सिंगापूरहून:
घराजवळच्या मॉलमध्ये एका नावाजलेल्या चिनी डिम सम साखळीची नवी शाखा उघडली. रविवारी सहकुटुंब जाऊन आलो. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकताना 'आज डिम सम खाल्ले' असं लिहिलं, तर बायको म्हणाली, 'खाल्लं' लिही. तेवढ्यात पुण्याहून बहिणीचा मेसेज: "किती खाल्ले? प्लेटमध्ये सहा येतात ना?" तिच्या लेखी डिम सम म्हणजे मोमोचा श्रीमंत भाऊ. मग काय लिहावं? शिवाय त्याचं ते पातळ वेष्टन, आतलं मिश्रण आणि बांबूचं भांडं यांना मराठीत काय म्हणायचं? 'आवरण' आणि 'स्टफिंग' लिहिलं की पाकिटामागच्या सूचना लिहितोय असं वाटतं.

मुंबईहून:
बहिणीचं काही चुकलेलं नाही. इथे गाडीवर असतो तो मोमो आणि एसीत बसून खाल्ला की तोच डिम सम! मेन्यूवर सर्रास 'डिम सम्स' छापलेलं असतं. तो मोमो, ते मोमो. तसाच तो डिम सम, ते डिम सम. त्यामुळे 'खाल्ले' बरोबर. उच्चाराचं मात्र सांगा. काही जण 'सुम' म्हणतात.

हाँगकाँगहून:
'सम'च. इंग्रजी स्पेलिंगमधल्या 'यू'मुळे घोळ होतो. कॅन्टोनीज उच्चार आपल्या 'सम'च्या जवळ जातो. शब्दात दोन चिनी अक्षरं आहेत. पहिल्याचा अर्थ ठिपका किंवा हलकेच टेकवणं, दुसऱ्याचा काळीज. त्यावरून 'काळजाला भिडणारं' वगैरे भाषांतरं फिरत असतात, ती मला लाडिक वाटतात. रोजच्या वापरात अर्थ सरळ आहे: मधल्या वेळचं खाणं.

आता 'खाल्ले' की 'खाल्लं'. डिम सम हे एका पदार्थाचं नाव नाही, अख्ख्या प्रकाराचं आहे. त्यात हार गाव (कोळंबीचं), सिउ माय (उघड्या तोंडाचं, डुकराचं मांस आणि कोळंबी), चा सिउ बाव (गोडसर भाजलेलं डुकराचं मांस भरलेला पाव), तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या गुंडाळ्या, कोंबडीचे पाय, अंड्याचे टार्ट असं सगळं आलं. 'आज फराळ किती खाल्ले' असं आपण विचारत नाही. म्हणून माझं मत वहिनींच्या बाजूने: डिम सम खाल्लं. मोजायचं असेल तर पदार्थाचं नाव घ्या: चार हार गाव खाल्ले, दोन बाव खाल्ले.

आणि इथले लोक 'डिम सम खायला जातो' असं फारसं म्हणतच नाहीत. म्हणतात 'याम चा', म्हणजे चहा प्यायला जाणं. टेबलावर आधी चहाची किटली येते. मग कागदी चिठ्ठीवर पेन्सिलने खुणा करून पदार्थ मागवायचे. ढकलगाड्या फिरवणारी जुनी चहागृहं आता कमीच उरलीत. कोणी आपल्या कपात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर टकटक वाजवायची, झाले आभार. किटलीतलं पाणी संपलं की झाकण तिरपं ठेवायचं. हाका मारत बसावं लागत नाही. आपल्याकडे 'मिसळीला जाऊ' म्हणतात तसं 'डिम समला गेलो' मला सगळ्यात मराठी वाटतं. त्यात लिंग-वचनाची कटकटही नाही.

वेष्टनाला 'पारी' म्हणा, आतल्याला 'सारण'. हार गावची पारी गव्हाच्या स्टार्चवर उकळतं पाणी ओतून, मळून करतात. म्हणजे चक्क उकडच! मग आचारी त्या गोळीवर तेल लावलेल्या रुंद सुऱ्याचं पातं आडवं दाबून, एका फटक्यात फिरवून पारी काढतो. वाफवल्यावर ती काचेसारखी होते आणि आतली गुलाबी कोळंबी दिसते. चुण्या एकाच बाजूला असतात, मोदकासारख्या गोल फिरत नाहीत, म्हणून 'कळ्या' नको, 'चुण्या'च म्हणावं. बावला मात्र पारी म्हणवत नाही, त्याचं पीठ आंबवलेलं असतं.

मुंबईहून:
मांसाला सारण? सारण म्हटलं की नारळ-गूळच डोळ्यांपुढे येतो हो.

हाँगकाँगहून:
भरलेल्या पापलेटात काय भरता मग? सारणच ना!

पुण्याहून:
'शाखा' या शब्दावर कोणीच बोललं नाही. पुण्यात 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी म्हणजे अभिमानाची गोष्ट, म्हणून विचारतो. परदेशातल्या या दुकानांना शाखा म्हणावं का?

हाँगकाँगहून:
खुशाल म्हणा. टिम हो वानचंच घ्या. २००९ मध्ये इथल्या माँग कॉक भागात चिमुकल्या जागेत सुरू झालेलं दुकान. ते सुरू करणाऱ्यांपैकी माक क्वाय पुई हे आधी फोर सीझन्स हॉटेलातल्या लुंग किंग हीन या रेस्टॉरंटमध्ये डिम सम करायचे. उत्तम रेस्टॉरंटना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेच्या २०१०च्या आवृत्तीत दुकानाला तारा मिळाला, रांगा लागल्या, २०१३ मध्ये सिंगापूरला शाखा निघाली, पुढे न्यूयॉर्कलाही. तारा त्या त्या दुकानाला असतो, साखळीला नाही. ज्याला 'तारांकित' म्हणायचं त्याने हे लक्षात ठेवावं. त्यांचा प्रसिद्ध बाव वाफवलेला नसतो, भट्टीत भाजलेला असतो, वरून खुसखुशीत. तेव्हा सगळ्याच डिम समला 'वाफवलेले पदार्थ' हा प्रतिशब्द चालणार नाही.

सिंगापूरहून:
'डिम समला गेलो' पक्कं केलं. एक राहिलंच. इथे मेन्यूवर 'कॅरट केक' असतो. त्यात गाजर औषधालाही नाही, किसलेला मुळा आणि तांदळाचं पीठ. आधी उकडतात, मग कापून तव्यावर परततात. मी 'मुळ्याची वडी' लिहिलं, तर बहीण म्हणाली, अरे वा, शाकाहारी! तिला सांगावं लागलं की त्यात बहुतेक वेळा सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेज असतं.

हाँगकाँगहून:
वडी बरोबर आहे. चिनीत गाजर म्हणजे 'लाल मुळा', त्यातून तिकडच्या इंग्रजीत मुळ्याचं गाजर झालं. 'सुकटीची मुळावडी' लिहा, म्हणजे बहीण फसणार नाही.

पुण्याहून:
आणि बांबूच्या भांड्याला 'दुरडी'. आमच्या आजोळी भाकऱ्या दुरडीतच असायच्या. झाकण असेल तर 'झाकणाची दुरडी'. 'बास्केट' नको.