घरात विडी-सिगारेट बंद: तुमच्याकडं कसं जमलं? कोल्हापूरकरांचे अनुभव

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानावरचे कडक नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर लागू आहेत. हॉटेलात, कचेरीत पाटी दिसते. घराच्या उंबऱ्याच्या आत मात्र कायदा येत नाही. तिथं घरातल्यांनीच ठरवायचं, आणि आपल्याकडं ठरवायचं म्हणजे कुणीतरी आबांना, थोरल्या दिरांना नाहीतर पावण्यांना तोंडावर सांगायचं. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात 38.7 टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याचा धूर सोसावा लागत होता. पंधरा वर्षांखालची पोरं त्यात मोजलेलीच नाहीत.

धूर वाईट हे सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्या घरात तो थांबला त्यांनी कोण बोललं, काय बोललं, कोण रुसलं ते लिहावं. ज्यांचं अजून जमलेलं नाही त्यांनीही लिहावं.

कागल तालुका, सून

आमचं घर जुनं. पुढं सोपा, मग माजघर, मागं परडं. मामा, म्हणजे माझे सासरे, सोप्यात बसून विडी ओढायचे. निपाणी जवळच, सगळा तंबाखूचा पट्टा, त्यामुळं विडीचं कुणाला वावगं वाटत नाही. उन्हाळ्यात दारं उघडी असायची. खरा त्रास पावसाळ्यात. खिडक्या बंद, सोप्यात दोरीवर पोराचे कपडे, ते वाळायचे तेच विडीचा वास घेऊन. धाकटा सारखा खोकायचा.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कोण ओढतं का? मी गप्प, नवराही गप्प. डॉक्टर समजले. म्हणाले, पुढच्या खेपेला आजोबांना घेऊन या.

मी बोलले असते तर घरात अबोला झाला असता. नवरा बोलला असता तर बायकोनं शिकवलं म्हणाले असते. डॉक्टरांनी मामांना खुर्ची दिली, स्टेथोस्कोप त्यांच्याच कानाला लावला आणि नातवाच्या छातीतली घरघर ऐकवली. विडी सोडा असं म्हणालेच नाहीत. घरात नको आणि दारात पण नको, एवढंच. मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी काडेपेटी आणि बंडल घेऊन परड्याच्या टोकाला चिंचेखाली जाऊन बसले.

आम्ही तिथं लगेच पत्र्याचं छप्पर घातलं, वैरणीपासून लांब. नाहीतर जुलैच्या पावसात ते परत सोप्यात आले असते. माझं सगळ्यांना हेच सांगणं आहे, ओढणाऱ्याला बाहेर बसायला कोरडी जागा द्या. म्हाताऱ्या माणसाला हाकलल्यासारखं वाटलं की कुठलाच नियम टिकत नाही. आता पावणे आले की मामाच उठतात, "चला, तिकडं बसू" म्हणतात.

राजारामपुरी

मला दिवस गेले तेव्हा हे बाथरूममध्ये एक्झॉस्ट लावून ओढायचे. दाराच्या फटीतून वास यायचाच. घरातली एक खोली धुरासाठी सोडली की धूर घरभर होतो. शेवटी आईंनी ठणकावलं, "खाली जा नाहीतर ओढू नको." सासूबाईंचं ऐकलं.

परिचारिका, बालविभाग

वरच्या ताईंचं बरोबर आहे. पंखा, उघडी खिडकी, उदबत्ती, रूम फ्रेशनर यांनी वास कमी होतो, धूर पुरता जात नाही. या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात, त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोग करणारी. मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेतं, म्हणून त्याच्या वाट्याला जास्त जातं. दम्याचा झटका, न्यूमोनिया, कान फुटणं, या सगळ्यांचा धोका वाढतो. कान सारखा फुटतो म्हणून मूल आणलं की मी आता घरात कोण ओढतं हे आधी विचारते. जगात दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसं स्वतः न ओढता या धुरानं जातात. आणि गाडीत काच खाली करून ओढणं हे घरापेक्षाही वाईट, जागा एवढीशी असते.

उद्यमनगर, फौंड्रीत कामाला

मी ओढतो, अजून सुटलेली नाही. पण घरात नाही, गॅलरीत नाही, गाडीत नाही. तिसऱ्या मजल्यावर राहतो. रात्री जेवल्यावर खाली उतरायचं, परत चढायचं, म्हणून रात्रीची आपोआप कमी झाली. वर आलो की शर्ट बदलतो, हात-तोंड धुतो, मगच पोरीला घेतो, कारण कपड्यांत धुराचा थर राहतो. पाकिटावर 1800-11-2356 हा नंबर असतो, तिथं फोन लावला. पैसे लागत नाहीत आणि माणूस नीट बोलतो. मित्रांनो, लाजू नका.

मंगळवार पेठ, आजी (नातीनं लिहून घेतलं)

आमच्या हितं दर ऐतवारी माडीवर पत्त्यांचा डाव. धुरानं डोळं चुरचुरायचं. मी भांडलो न्हाई. घरातली राखदाणीच काढून टाकली. राखदाणी दिसली की माणसाला वाटतं, हितं चालतंय. कुणी मागितली की सांगायचं, "दादा, खाली कट्ट्यावर जाऊन या, तवर चहा ठिवतो." एकजण रुसला, यायचा बंद झाला. झाला तर झाला. बाकीचं अजून येतात, खाली जाऊन येतात.

भाड्याचा फ्लॅट, रुईकर कॉलनीजवळ

आमच्या घरात कुणीच ओढत नाही, तरी धूर आहे. खालचे काका गॅलरीत उभे राहतात, धूर सरळ आमच्या बेडरूमच्या खिडकीत. हात जोडून सांगितलं, बाळ दाखवलं. थोडे दिवस टेरेसवर गेले, पाऊस लागला तसे परत गॅलरीत. सोसायटीत विषय काढला तर घरमालकालाच फोन गेला, "तुमचे भाडेकरू तक्रारी करतात." सध्या बाळाला पुढच्या खोलीत झोपवतो आणि ती खिडकी बंद ठेवतो. कागलच्या ताईंचं छपराचं वाचून वाटलं, टेरेसवर पत्रा टाकायचा खर्च आम्ही उचलू असं काकांना सांगून बघावं. भाडेकरू असून कुणी शेजाऱ्याशी हे जमवलं असेल तर बोलणं कसं काढलं ते सांगा.