मदत हवी आहे: सीसीटी५ जनुकाचं एक कोडं सुटेना

नमस्कार मंडळी. मी जालन्याची, एमएस्सी बायोटेक करतेय. सोमवारी सीसीटी५ जनुकावर सेमिनार आहे. पेशीत प्रथिनांची घडी घालणाऱ्या 'ट्रिक' (TRiC) नावाच्या यंत्रणेचा एक भाग यातून बनतो. ८ वेगवेगळ्या प्रथिनांचं एक कडं, अशी दोन कडी पाठीला पाठ लावून. अ‍ॅक्टिन, ट्युब्युलिन ही पेशीचा सांगाडा बनवणारी प्रथिनं आतल्या पोकळीत आकार घेतात. समजावायला मोसंबी आडवी कापून बघितली, फोडी निघाल्या १०! असो.

अडलंय इथं: ट्रिक तर सगळ्याच पेशींत असतं. मग या जनुकाच्या (आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या) दोन्ही प्रतींत बिघाड होऊन प्रथिनात १४७व्या जागी हिस्टिडिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं, की फटका मज्जातंतूंनाच का बसतो? पाय ताठरतात, हातापायाची जखम कळतसुद्धा नाही. सर म्हणतात, "वाचून ये." कुणी सोप्या भाषेत सांगता का?